घरट्यातला करकोचा

मार्च उजाडला की आमच्या म्हाताऱ्यांना लागिरं होतं. लग्न झाल्यापासून बघतेय. कोबीची रोपं हातात तशीच राहतात आणि हे मान वर करून दक्षिणेकडे बघत उभे. आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात विजेचा खांब आहे, त्यावर करकोच्याचं घरटं आहे. आधी नर येतो, मग काही दिवसांनी मादी. नराला आम्ही हाजी म्हणतो. अख्खा गावच म्हणतो, तिकडून मक्केवरून येतो म्हणून. पण यंदा आमचे म्हातारे हाजीची वाट बघत नव्हते. त्याच्यावर पाळत ठेवून होते.

कारण वर्षातला पहिला करकोचा उडताना दिसला तर त्या वर्षी प्रवास घडतो, आणि घरट्यात दिसला तर माणूस वर्षभर घर सोडत नाही. आमच्या तळ्याकाठी हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एखादी सारखी माहेरी पळायला लागली की बायका विचारतातच, काय गं, करकोचा हवेत बघितलास वाटतं?

आणि आमच्या इदिलला जर्मनीला न्यायचं ठरलं होतं.

इदिल आमची नात, सहा वर्षांची. केरेम तिचा मोठा भाऊ, अकरा वर्षांचा. माझा मुलगा सेलामी आणि सून नुर्जान कामासाठी जर्मनीला गेली तेव्हा इदिल रांगत होती. तो गोदामात, ती एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात, आणि दोघांत मिळून एक खोली. पोरांना कुठं ठेवणार? ती आमच्याकडे राहिली. दर ऑगस्टला आईबाप यायचे, चॉकलेटं द्यायचे, रडायचे आणि जायचे. मग या हिवाळ्यात सेलामीचा फोन आला. "बाबा, घर मिळालं! तीन खोल्या आहेत. इदिलची शाळा उन्हाळ्यात सुरू होतेय. जूनमध्ये येतो आणि दोघांना घेऊन जातो."

"घेऊन जा बाळा," हे म्हणाले. "लेकरं आईबापाजवळच बरी."

फोन ठेवला आणि खुरपं घेऊन लसणाच्या वाफ्यात जाऊन बसले. जमीन थंडीनं गोठून दगड झाली होती. खुरपं नुसतं खणखणत होतं. मी खिडकीतून ऐकत होते आणि मला बाहेर जाववेना. जाऊन बोलणार काय? चूक कुणाचीच नव्हती. भांडायला समोर कुणी असतं तर मी भांडले असते, मला भांडण चांगलं जमतं. पण आईबाप आपली पोरं मागतायत, त्यांच्याशी कसलं भांडण?

केरेमला आनंदच झाला होता. तिकडं म्हणे शाळेला हिरवंगार मैदान असतं. इदिल मात्र ह्यांची सावलीच होती. सकाळी दोघं बागेत, दुपारी तळ्याच्या काठावर उलट्या खोक्यांवर. सेलामीनं पाठवलेली दुर्बीण दोघांत एकच. इदिल ती मुद्दाम उलटी धरायची आणि ओरडायची, "आबा, आजी मुंगीएवढी झाली!" पण पक्षी तिला नीट कळायचे. पाणकावळा कुठला, बगळा कुठला, खंड्या कुठल्या फांदीवर बसतो, सगळं. बाकल्याच्या शेंगांचा एक वाफा तिचा स्वतःचा होता. त्यात कुणी पाऊल टाकलं तर ती घर डोक्यावर घ्यायची.

मार्चच्या सुरुवातीला एक दिवस ह्यांनी जाहीर केलं, "इदिलला खोकला झालाय. हिला बाहेर सोडायचं नाही."

"कुठला खोकला?" केरेम म्हणाला. "मी तर ऐकला नाही."

"तुला काय ऐकू येणार? तुझ्या कानात चेंडू गेलाय."

"मला माहितीये, आबा! तिला करकोचा उडताना दिसू नये म्हणून कोंडलंय. मी बघणार उडताना. मी छपरावर बसणार!"

"बस. पडलास की उडशीलच."

इदिलनं आबांकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं, हे मला तेव्हाच दिसलं. ती शहाण्यासारखी दोनदा खोकली आणि चुलीजवळ जाऊन बसली.

मी ह्यांना आत घेऊन झापलं. "अहो, वय काय तुमचं? व्हिसा काय करकोचा देतो?"

"अगं, गंमत आहे पोरीची."

"पोरीची?"

ते टोपी घालून निघून गेले. चहाच्या दुकानात ही बातमी आधीच पोचली होती. तिथं ह्यांची यथेच्छ टिंगल झाली. रिफात, नातीला टोपलीखाली झाक. रिफात, करकोच्याचे पंख बांधून ठेव. हे हसले आणि सगळ्यांना स्वतःच्या पैशानं चहा पाजून आले.

हाजी आला त्या दुपारी हे तळ्यावर होते. केरेम खरंच छपरावर होता. अचानक तो बोंबलला, "आला! आला! आजी, उडतोय! मी बघितला! जर्मनी!" मी कौलं फुटतील म्हणून त्याला खाली उतरवायला बाहेर धावले, आणि बघते तर इदिल घरात नाही. ती बाकल्याच्या वाफ्यात होती. फुलं आली का ते बघायला गुपचूप बाहेर पडली असणार. गुडघ्यांत तोंड खुपसून, दोन्ही हात डोळ्यांवर दाबून बसली होती.

"तुला आत बस म्हटलं होतं ना?"

"मी वर नाही बघितलं, आजी," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच. "खरंच नाही बघितलं."

"बरं बाई, नाही बघितलंस. ऊठ, झगा माखला." मी तिला तशीच डोळे मिटलेली हाताला धरून आत आणली. चालताना ती दोनदा अडखळली पण डोळे काही उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी खांबावरून चोचीचा खडखडाट ऐकू आला. हे ताटावरून उठले. हात तसेच लोण्याचे. एका हातानं इदिलला उचललं, दुसरा हात तिच्या डोळ्यांवर ठेवला आणि अंगणात नेऊन तिचं तोंड खांबाकडे केलं. हाजी काड्या नीट करत होता. त्यानं पंख मिटून घेईपर्यंत हे थांबले, मग हात काढला.

"दिसला?"

"दिसला."

"कुठंय?"

"घरट्यात."

"झालं तर मग!" त्या दिवशी ह्यांनी दोन वाट्या सूप जास्त प्यायलं, आणि कित्येक महिन्यांनी गाणं गुणगुणत कोबी लावला. इदिलच्या गालावर लोणी लागलं होतं. ती ते पुसायचं सोडून खांबाकडे बघत उभी होती. मला वाटलं खूश आहे.

आता गंमत ऐका. एप्रिलमध्ये सेलामीचा फोन आला. केरेमचं सगळं झालं होतं, इदिलचा एक कागद तिकडं कुठंतरी अडकला होता. "कदाचित यंदा केरेम एकटाच येईल. इदिलला पुढच्या वर्षी न्यावं लागेल." तिकडून नुर्जानचं रडणं ऐकू येत होतं. मी तिला धीर दिला, अल्लाह करेल ते बरंच करेल म्हटलं, आणि तोंडानं हे बोलत असताना माझं मन नाचत होतं. लाज वाटली पण नाचत होतं.

ह्यांनी तर लाजबीज सगळी सोडली. रोज सकाळी तळ्यावरून छोटे मासे आणून खांबाखाली टाकायला लागले. "खा हाजी, खा. मर्दासारखं काम केलंस." हाजी त्या माशांकडे ढुंकून बघायचा नाही. शेजारच्या मांजरी गुबगुबीत झाल्या.

इदिल मोठ्यानं हसायची, पळायची, वाफ्यातलं तण उपटायची. केरेम मात्र चेंडू घेऊन बाहेर पडेना. एकदा मी शेंगा सोलत होते तर जवळ येऊन बसला. "आजी, मी एकटा जाणार नाही. मला तिकडं भांडायला कुणी नसेल." मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. निम्म्या शेंगा त्याच्यापुढं सरकवल्या.

मेच्या मध्यावर कागद सुटला.

ह्यांनी मासे टाकणं बंद केलं. बाकी काही नाही. इदिलला मी सांगितलं तेव्हा ती तण उपटत राहिली. मग म्हणाली, "आजी, आबांचं कधी चुकतं का?"

"आबांचं? उठता बसता चुकतं."

"करकोच्याचं?"

"ते मला नाही माहीत बाळा," मी म्हणाले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सेलामी आणि नुर्जान गाडीनं आली. तीन दिवसांचा प्रवास करून दोघं पार पिचली होती. नुर्जाननं इदिलसाठी लाल बूट आणले होते. फोनवर बघून अंदाजानं घेतलेले. ते पायात जाईनात. नुर्जान फरशीवर बसून टाच आत ढकलत राहिली. इदिल निमूट पाय पुढं करून बसली होती, दुखलं तरी बोलली नाही. परक्या बाईसमोर पोर जशी सभ्य वागते तशी वागत होती. मग नुर्जान स्वयंपाकघरात येऊन माझ्या खांद्यावर पडली. "आई, माझी पोर मला 'धन्यवाद' म्हणाली. आईला कुणी धन्यवाद म्हणतं का?"

तिला मी दूषण कशाचं देऊ? मी तिची पाठ थोपटली. मला त्या घरात सगळ्यांचीच दया येत होती आणि कुणाच्याच उपयोगी पडता येत नव्हतं.

निघायच्या सकाळी अंजिराचा मुरंबा, वाळवलेल्या मिरच्या, बाकला, असं सगळं गाडीत कोंबलं. खांबावर पिल्लं चिरचिरत होती. हाजी आणि त्याची बायको तळ्यावरून आळीपाळीनं खाऊ आणत होते. केरेम पुढच्या सीटसाठी बापाशी हुज्जत घालत होता. सेलामी म्हणाला, "इदिल कुठंय?"

ती वाफ्यात होती. बाकल्याचा हंगाम संपला होता, झाडं वाळून काळी पडली होती. आदल्या दिवशी ह्यांनी ती उपटायला घेतली होती, आणि तिचा वाफा तेवढा तसाच ठेवला होता. ती मधोमध उभी होती, पायात जुनेच बूट. हे तिच्यापाशी गेले. मी पाण्याची कळशी घेऊन मागं उभी होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"चल बाळा. बाबा थांबलेत."

"आबा, तुम्ही रागावणार नाही ना?"

"मी? तुझ्यावर?"

"तुम्ही मला घरट्यातला दाखवलात ना, त्याच्या आदल्या दिवशी मी इथं आले होते. फुलं बघायला." ती घाईघाईनं बोलत होती, जसं काही वेळ संपत आला होता. तो आलाच होता म्हणा. "तेव्हा त्याची सावली इथून गेली. अशी, वाफ्यावरून. मी लगेच डोळे मिटले, आबा. वर नाहीच बघितलं. पण सावली दिसली. ती उडत होती." तिनं ह्यांची बाही धरली. "सावली दिसली तरी धरतात का?"

म्हणजे तीन महिने पोर हे एकटी घेऊन बसली होती. कागद अडकला तेव्हा वाचले वाटलं असेल, आणि सुटला तेव्हा आपल्यामुळंच सुटला असं. ह्यांनी मातीत गुडघे टेकले.

"नाही गं," हे म्हणाले. "सावली कुठं धरतात? सावली अजिबात धरत नाहीत. तुझी काही चूक नाही."

इदिलनं ह्यांच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं. पक्षी ओळखताना बघायची तशी.

"मग मी का चाललेय?"

हे तोंड उघडून बसले. मी वाट बघत होते की काहीतरी बोलतील. जन्मभर ह्यांच्या जिभेला हाड नव्हतं, बाजारात, दुकानात, सोयऱ्यांत. आता त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी सेलामी आला, त्यानं तिला उचललं आणि गाडीत बसवलं. ती रडली नाही. मागच्या काचेतून ह्यांच्याकडेच बघत होती, उत्तराची वाट बघत.

गाडी हलली. जाणाऱ्याच्या मागं पाणी ओततात, पाण्यासारखं जावं आणि पाण्यासारखं परत यावं म्हणून. मी कळशी रिकामी केली. लहानशीच कळशी ती, धुळीत एक ओला डाग पडला.

ह्यांनी कळशीकडे बघितलं, मग रस्त्याकडे. बागेतली पाण्याची नळी ओढत फाटकाबाहेर आणली आणि रस्त्यावर सोडली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी हे पाणी मारत होते. चाकाच्या खुणा वाहून गेल्या. चहाच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघत उभी राहिली, पण कुणी टिंगल केली नाही. टोमॅटोला त्या दिवशी पाणी मिळालं नाही. ऊन चढलं, ह्यांचे बूट चिखलानं भरले, वरून हाजी दोनदा ये-जा करून गेला, आणि ह्यांनी मान वर केली नाही.

नळ माझ्या हाताशीच होता. मी तो बंद केला नाही.