निनावी विचारणा

लोखंडी गजाचा दुसरा घाव हॉस्पिटलच्या कम्प्युटर-खोलीच्या दारावर बसला आणि वरची काच फुटून काकांच्या मानेवर आली. ते पाय रोवून, दाराला पाठ लावून उभे राहिले. आत टेबलाखाली नर्स अंग चोरून बसली होती. पहिला घाव तिच्या जबड्यावर बसला होता. काकांनीच तिला ओढून या खोलीत घेतलं होतं.

"बाजूला हो, थेरड्या! बायको आहे ती माझी!"

"असेल. दार माझं आहे," काका म्हणाले आणि स्वतःच दचकले. जन्मात त्यांनी भाजीवाल्याशीही हुज्जत घातली नव्हती.

"काका, परवाच वॉर्ड बदलून घेतला हो," नर्स रडत म्हणाली. "कुणालाच सांगितलं नव्हतं."

"खालच्या हॉलमधल्या कम्प्युटरला नुसतं नाव विचारलं," बाहेरून हसणं आलं. "खोली नंबरसकट सांगितलं त्यानं!"

कोण कुठल्या खोलीत, कुठल्या पाळीला, ही हॉस्पिटलची डिरेक्टरी अकरा वर्षं तेच सांभाळत होते. विचारणाऱ्या प्रोग्रामनं आधी आपलं नाव आणि पासवर्ड सांगायचा, मग प्रश्न विचारायचा, अशी रीत. पण वॉर्डातल्या चिठ्ठ्या छापणारा जुना प्रोग्राम या रीतीला बधेना. वॉर्डांची कटकट नको म्हणून काकांनी निनावी विचारणा, म्हणजे नाव न सांगता विचारायची सोय, चालू ठेवली. चार दिवसांपुरती.

तिसरा घाव फुटक्या काचेतून खांद्यावर आला. हाड मोडल्याचा आवाज काकांनी स्वतः ऐकला. पाठ मात्र हलली नाही. मग रखवालदार धावले, त्याला फरफटत घेऊन गेले.

"खोली कुणी सांगितली?" पोलिसांनी विचारलं. नर्सा एकमेकींकडे संशयानं बघू लागल्या.

"मी," काका म्हणाले. "अकरा वर्षं सांगतोय. कुणीही विचारलं तरी."

दुसऱ्या दिवशी उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन त्यांनी निनावी विचारणा बंद केली. तासाभरात फोन सुरू.

"काका, छपाई बंद पडली! चिठ्ठ्यांचं काय करू?"

"हातानं लिहा. मीही एकाच हातावर आहे."

दुपारी सुजलेल्या जबड्यातून आवाज आला. "काका, मी आहे. अजून दिसतंय का हो माझं नाव?"

आवाज ओळखीचा होता. तरी काका म्हणाले, "आपण कोण बोलताय?"

मग तिला उमगलं. तिनं सावकाश आपलं नाव सांगितलं, मग वडिलांचं, मग माहेरचं आडनाव.

"यादीतही असंच लावा."

काकांनी डाव्या हाताच्या एका बोटानं एकेक अक्षर शोधत ते लिहिलं, आणि बरोबर आहे ना म्हणून तिला पुन्हा वाचून दाखवलं.