बोरा रोज मागे राहते

देगू शहरातल्या त्या इंग्रजीच्या क्लासचा नियम मोठा खाष्ट होता. रोजच्या चाळीस शब्दांतले पाच चुकले, की सगळे चाळीस तोंडपाठ म्हणून दाखवल्याशिवाय सुटका नाही. मागे राहायचं म्हटलं की पोरं रडकुंडीला यायची. सहावीतली बोरा मात्र रोज मागे राहायची.

"डोक्यात काय कांदेबटाटे भरलेत का गं तुझ्या?" मिन बाई करवादायच्या.

आजही सगळे गेले आणि बोरा तेवढी उरली. बाईंनी घाईघाईने पर्स खांद्याला लावली आणि तिचा पेपर खिडकीच्या उजेडात धरला. प्रत्येक चुकीच्या उत्तराखाली खोडलेलं बरोबर उत्तर स्पष्ट दिसत होतं.

बोराने मान खाली घातली. आता मेलं घरी जावं लागणार.

"बोरा, घरी कोण असतं गं या वेळी?"

बोराने जरा विचार केला. "कुकरमध्ये भात असतो."

बाईंनी पर्स पुन्हा खुंटीला अडकवली. "बस खाली. म्हण पहिला शब्द."

बोराला तो येत होता. तिने तो चुकवला.