खुर्चीच्या डोक्यातलं रक्त

लिंबू कापलं आणि त्यातून लालभडक रस गळाला. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातलं अख्खं मैदान उभं राहिलं. मागच्यांना दिसेना म्हणून ते प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चढले, त्यातल्या दोन मोडल्या.

"डोक्यात साचलेलं रक्त लिंबात उतरलं," संजीवनी महाराज म्हणाले. "आता गडी उठणार."

आणि सुयोग खरंच डोळे उघडून उठून बसला. नुकतंच पकड करताना त्याचं डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर दाणकन आपटलं होतं आणि तो आडवा झाला होता.

कबड्डीत बाद झालेला गडी 'मेला' असं आम्ही म्हणतो. समोरचा एक मेला की आपला एक जिवंत होऊन परत आत येतो, त्याला म्हणतात संजीवनी. ह्या एका शब्दावर महाराजांनी दुकान थाटलं होतं. मंडळानेही प्रथमोपचाराची पेटी आणायची सोडून ह्यांनाच मानाने खुर्ची दिली होती. जो उठला त्याला महाराजांनी उठवला, जो नाही उठला त्याची श्रद्धा कमी पडली. मी आयुष्यभर पालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. असा धंदा मला कधी सुचला नाही, काय करणार.

सुयोग आमच्या शेजारचा. मी त्याच्याजवळ जाऊन बसले.

"कसं वाटतंय रे?"

"डोकं ठणकतंय. बाई, पहिला हाफ झाला काय?"

"झाला."

"बरं. बाई, पहिला हाफ झाला काय?"

तिसऱ्यांदा त्याने तेच विचारलं आणि भडाभडा ओकला.

"विष बाहेर पडतंय," महाराज म्हणाले.

"वडापाव बाहेर पडतोय," मी म्हटलं आणि १०८ला फोन लावला.

संघनायक सुबोध धावत आला. "बाई, टेन्शन नका घेऊ ना यार. गडी उठलाय. पाणी मारतो तोंडावर, शेवटची चढाई करेल."

"सुबोध, त्याला आत नेलास तर चढाई मी करेन, तुझ्यावर. त्याला हलवू नका, मान सरळ राहू दे."

पण खरी अडचण त्याच्या आईची होती. नलिनीताई लेकाचा हात धरून बसल्या होत्या, आणि महाराजांनी त्यांना बजावलं होतं, की डॉक्टरचा हात लागला तर उतारा उलटतो. पोराला घरी न्या, झोपू द्या.

"माझ्या झिलाक शुद्ध इली मगे," त्या म्हणाल्या. "रगात लिंबात उतारला. आता डॉक्टर कित्याक व्हयो?"

सुयोगचे डोळे मिटायला लागले होते. पेंगणाऱ्या पोराला ही बाई घरी नेऊन निजवणार, आणि सकाळी उठवायला जाणार, तेव्हा तो उठणार नाही. ॲम्ब्युलन्स आली तरी आईने सोडायला हवं. मी महाराजांसमोर हात पसरला.

"ती सुरी दे इकडे."

"हो बाई," महाराज पटकन म्हणाले, आणि जीभ चावली.

तेव्हा दाढीच्या आतला चेहरा दिसला. शिवदास! माझ्याच आठवीच्या वर्गातला. जास्वंदीची पाकळी सुरीवर चोळायची, वाळू द्यायची, मग तिने लिंबू कापायचं. लिंबातल्या आम्लाने पाकळीचा सुकलेला रस लाल होतो. हा प्रयोग मीच करून दाखवायचे. मेल्याने सगळं विज्ञान विसरून नेमका हाच एक प्रयोग लक्षात ठेवला होता.

मी सरबतवाल्याकडून ताजं लिंबू घेतलं, मोडक्या खुर्चीवरून तीनदा ओवाळलं आणि शिवदासच्या सुरीने कापलं. लाल.

"अगं बाई, खुर्चीच्या डोक्यातपण रक्त साचलंय," मी म्हटलं. "सुबोध, खुर्चीला घरी ने, झोपव."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मग शिवदासच्या ताटातलं लिंबू उचललं, सुयोगवरून ओवाळलं आणि सरबतवाल्याच्या सुरीने कापलं. साधं, पिवळट.

"नलिनीताई, लाल सुरी होते, लिंबू नाही. आणि डोकं आपटून गेलेली शुद्ध पुष्कळदा आपली आपणच परत येते. हा तेवढा वेळ मंत्र म्हणत बसतो. रक्त साचलं असेल तर ते अजून तुमच्या मुलाच्या डोक्यातच आहे."

नलिनीताईंनी शिवदासकडे पाहिलं. तो चपला शोधत होता. त्यांनी सुयोगचा हात सोडला नाही, पण ॲम्ब्युलन्स आली तेव्हा त्याच्याबरोबर सगळ्यांत आधी त्याच चढल्या.

स्कॅनमध्ये कवटीच्या आत रक्त साचलेलं दिसलं. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. घरी झोपवला असता तर हातचा गेला असता, असं डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं.

काही दिवसांनी मी हॉस्पिटलात भेटायला गेले. तुळतुळीत डोक्याचा सुयोग मला बघून म्हणाला, "बाई, पहिला हाफ झाला काय?"

मी नर्सला हाक मारायला वळले. तेवढ्यात गुलाम हसला. टाके होते म्हणून वाचला, नाहीतर कानाखाली दिली असती.

म्हणून सांगते. डोक्याला मार लागून क्षणभर जरी शुद्ध गेली, किंवा पोर ओकायला लागलं, तेच तेच विचारू लागलं, पेंगू लागलं, डोकेदुखी वाढत गेली, झटके आले, तर तिथून सरळ हॉस्पिटल गाठा. 'आता बरा दिसतोय' ह्यावर विसंबू नका, सुयोगही बराच दिसत होता. यातलं काहीच झालं नाही तरी त्या दिवशी त्याला परत खेळायला उतरवू नका, आणि पुन्हा कधी खेळायचं ते डॉक्टरला ठरवू द्या. संजीवनी हा कबड्डीचा नियम आहे, आणि तो मैदानातल्या रेषेपर्यंतच चालतो.