शिंप्यानं मोजलेला सुरा

त्या खटल्यानं शिंप्याचं काय काय भलं झालं ते आधी मांडलेलं बरं, नाहीतर माणूस भर कोर्टात इतका वेळ गप्प का राहिला ते कळायचं नाही. दीड वर्षात एकाही गिऱ्हाइकानं पँट आखूड झाल्याची तक्रार केली नव्हती, आणि पँटी तर नेहमीइतक्याच आखूड होत होत्या. शेजारचा सायकलवाला आधी त्याला "ए कात्री" अशी हाक मारायचा, तो आता "भाऊ" म्हणायला लागला होता. दुकानाच्या तोंडाशी गाड्या लावणारे आपणहून गाड्या सरकवत. पाल दिसली तरी ज्याची पाचावर धारण बसायची, त्याच्याबद्दल गल्लीत बोललं जाई, "गप्प असतो ना, तसलेच डेंजर." शिंपी ते ऐकून न ऐकल्यासारखं करी आणि मशीन जरा जोरात मारी.

खरी हकीकत एवढीच होती. त्याची बायको एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ऐंशी माणसांचा स्वयंपाक करायची. तिचा भाजी चिरायचा सुरा धार लावायला टाकला होता, तो आणायला तिनं नवऱ्याला पिटाळलं. परतताना नाक्यावर तपासणी चालू होती. पिशवीतून सुरा निघाला.

"कुणाचा?" हवालदारानं विचारलं.

चार ओळखीची माणसं बघत उभी होती. बायकोनं कामाला धाडलंय असं त्यांच्यादेखत कसं सांगायचं? शिंपी म्हणाला, "माझाच."

नऊ इंचांच्या वर पातं असलं तर गुन्हा, खाली असलं तर नाही. हवालदाराकडे टेप नव्हती, शिंप्याच्या गळ्यात होती. लोकांची मापं घेण्यात तीस वर्षं गेलेली, त्यानं सुऱ्याचंही घेतलं आणि आकडा सांगितला, "सव्वादहा."

पातं होतं पावणेनऊ. पण शिलाईत आत दबणारं जे कापड असतं ना, ज्याला शिंपी लोक माया म्हणतात, ते दीड इंच धरूनच माप बोलायची त्याच्या जिभेला सवय. हवालदारानं सव्वादहा लिहून घेतलं, शिंप्यानं खाली सही केली, सुऱ्यावर लाखेचं सील बसलं आणि पुन्हा तो मोजायची कुणाला गरज पडली नाही. जामिनावर घरी आल्यावर शिंप्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पण तोवर सायकलवाल्यानं त्याला पहिल्यांदा "भाऊ" म्हटलं होतं. चूक पोटातच राहिली.

मग तारखा. कधी जज्जसाहेब रजेवर, कधी साक्षीदार गावाला, कधी सुराच कोठारातून आला नाही. सोळाव्या तारखेला वकीलबाईंनी त्याला व्हरांड्यात गाठलं. बाई सरकारनं फुकट दिलेल्या, पण काम विकतच्यासारखं करायच्या.

"काका, सरकारी वकील तयार आहेत. गुन्हा कबूल करायचा, कोर्ट उठेपर्यंत मागच्या बाकावर बसायचं, थोडा दंड. संध्याकाळी घरी."

"आणि नावावर?"

"शिक्षा झाली असं कायमचं राहील."

शिंप्याला त्यात फारसं वाईट दिसेना. उलट शिक्का बसला की कुणी शंकाच घ्यायला नको.

"आणि सुरा?" मागून बायकोनं विचारलं.

"तो नष्ट करतात, काकू."

दीड वर्षं बायको दुसऱ्या सुऱ्यानं चिरत होती आणि तो तिच्या हाताला बसत नव्हता. अंगठ्याला पट्टी, तर्जनीला पट्टी. तिनं दोन्ही बोटं पदराआड घेतली.

आत काम भराभर चाललं होतं. बोर्डावर अशाच हत्यारांच्या नऊ केसेस. साहेब विचारत, "गुन्हा कबूल?" माणूस म्हणे, "कबूल." पहिल्याच वेळी सापडलेला, पातं नऊच्या जेमतेम वर, कुणाला दाखवून दम दिलेला नाही, तर दंड आणि मागचा बाक. एकाची ही तिसरी खेप होती आणि त्यानं सुरा शेजाऱ्याच्या पोटाला लावला होता. त्याला सहा महिने. साहेब आवाज न चढवता, पण फाईल पूर्ण वाचून शिक्षा देत. मागे गल्लीतली सहा-सात माणसं दाटीवाटीनं बसली होती, सगळ्यांत पुढे सायकलवाला. भाऊंना शिक्षा होताना त्याला बघायचीच होती.

शिंप्याचा पुकारा झाला. कारकुनानं सील फोडून सुरा टेबलावर ठेवला. पातं गंजून तपकिरी पडलेलं.

"गुन्हा कबूल?"

शिंप्याचं तोंड उघडलं, पण नजर बायकोकडे गेली. ती ना साहेबांकडे बघत होती ना त्याच्याकडे. सुऱ्याकडे बघत होती, आणि पट्टी बांधलेली बोटं हळूच मूठ धरल्यासारखी वळली होती.

"साहेब," शिंपी म्हणाला, "माप चुकलंय."

"कुणी घेतलं होतं?"

"मीच."

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. शिंप्यानं मायेचं सगळं सांगून टाकलं. साहेबांनी कारकुनाकडून मोजपट्टी मागवली आणि पातं मोजायला लावलं. पावणेनऊ! सरकारी वकिलांनी स्वतः परत मोजलं. पावणेनऊच.

"मग दीड वर्षं बोलला का नाहीत? आणि सुरा स्वतःचा का म्हणालात?"

शिंप्यानं मान खाली घातली. "हिचा आहे, साहेब. कँटीनचा. हिनं आणायला पाठवलं होतं. लोकांसमोर सांगायची लाज वाटली."

मागे खसखस पिकली. सायकलवाल्याचा आवाज सगळ्यांत मोठा. शिंप्याचे कान लाल झाले.

साहेब बायकोकडे वळले. ओठ त्यांनाही आवरावे लागत होते. "काय हो, तुम्ही पाठवता यांना कामाला?"

बायको उठली. पदर सारखा केला. मागच्या रांगेकडे एकदा नीट बघून घेतलं.

"यांना कोण पाठवणार, साहेब? मी आपली भीत भीत विचारलं, येताना आणता का म्हणून. यांच्यापुढे घरात ब्र काढायची हिंमत नाही कुणाची."

शिंप्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं. खसखस बंद पडली. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि लिहायला घेतलं: पातं मर्यादेत, वापर स्वयंपाकाचा, आरोपी निर्दोष, सुरा मालकिणीला परत.

आता कुणी काय भरलं ते बघा. सरकारचा दीड वर्षाचा कागद आणि लाख गेली. हवालदाराला टेप बाळगायची तंबी मिळाली. शिंप्याचा दरारा अर्धा गेला. उरलेल्या अर्ध्याबद्दल गल्लीत अजून वाद आहे, आणि सायकलवाला "ए कात्री" म्हणायला तोंड उघडतो आणि "भाऊ"वर थांबतो. सगळ्यात जास्त भरलं ते बायकोनं, कारण कोर्टात दिलेला शब्द तिला रोज पाळावा लागतो. भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, ती आवाज बारीक करून विचारते, "अहो, मी कामाला जाऊ का?" शिंपी मान वर न करता म्हणतो, "जा." मग ती जाते, आणि कोपरा वळेपर्यंत हसू दाबून धरते.