शेळ्यांना घातलेली हाक

हिमानी अमेरिकेत, ॲन आर्बर गावी सिनेमाच्या आवाजाचं काम करायची. त्या हिवाळ्यात अन्सेल्मो नावाचे म्हातारे ब्राझिलियन दिग्दर्शक तिच्याकडे आले होते, आपला शेवटचा सिनेमा पुरा करायला. सिनेमा त्यांच्या कोरड्या मुलखातल्या दरोडेखोरांचा होता. एकच सीन अडला होता. दरोडेखोर एका बाईच्या शेळ्या हाकत नेतात आणि ती दारात उभी राहून शेळ्यांना हाका मारत राहते. शूटिंगच्या वेळी तो आवाज वाऱ्यात गेला आणि पुन्हा रेकॉर्ड करायच्या आधी ती नटी वारली.

हिमानीनं कितीतरी जणींचे आवाज लावून पाहिले. अन्सेल्मो मान हलवायचे. "ही शेळ्यांना बोलावत नाही, आपल्याला ऐकवतेय."

हिमानीची आई रत्नाबाई आटपाडीच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या. बर्फामुळे घरात कोंडल्यासारखं झालं होतं, म्हणून एका दुपारी हिमानी त्यांना स्टुडिओत घेऊन आली.

पडदा उजळला. लाल माती, निवडुंग, पांढरं पडलेलं आभाळ. डोळा लागून आपण माणदेशात उतरलो, असंच रत्नाबाईंना वाटलं. शेळ्या लांब लांब जात धुळीत विरघळू लागल्या. रत्नाबाई कधी उठून उभ्या राहिल्या, त्यांनाही कळलं नाही.

"हुर्रऽऽ येऽऽ! चांदेऽऽ, येऽऽ गंऽऽ!"

पडद्यावरच्या एका शेळीनं नेमकी त्याच वेळी मान वळवली.

अन्सेल्मो हळूच म्हणाले, "हिमानी, विचार त्यांना, ही हाक कुणाची?"

"माझ्या आईची," रत्नाबाई म्हणाल्या. "मी लहान होते. तोंडाला फडकी बांधलेली माणसं आली, शेळ्या घेऊन गेली. घसा बसेपर्यंत आई हाका मारत होती."

हिमानी आईकडे बघतच राहिली. तिनं हे कधी ऐकलं नव्हतं. तिनं इंग्रजीत सांगितलं, तसं अन्सेल्मोंनी विचारलं, "परत आल्या?"

"एक आली. दुसऱ्या दिवशी, गळ्यात तुटका दोर घेऊन."

अन्सेल्मो पडद्याकडे वळले. मग म्हणाले, "माझ्या सिनेमांत मी कुणालाच परत येऊ दिलं नाही."

हाक रेकॉर्ड झाली. काढून टाकलेल्या शॉट्समध्ये अन्सेल्मोंना टेकाडावर एकटीच उभी असलेली एक शेळी सापडली. ती त्यांनी त्या सीनच्या शेवटी जोडली.

वसंतात ॲन आर्बरच्याच एका थिएटरात सिनेमा लागला. रत्नाबाईंची हाक त्या परक्या माळावर फिरून विरली. रिकामी वाट दिसत राहिली. मग टेकाडावरून ती शेळी सावकाश उतरू लागली, जणू तिला कसलीच घाई नव्हती.

रत्नाबाई हिमानीच्या कानाशी वाकल्या. "शेळ्या नेल्या त्या दिवशी आई रडली नव्हती गं. ती एक परत आली ना, तेव्हा तिच्या गळ्यात पडून रडली."

हिमानीनं आईचा हात हातात घेतला. शेजारी अन्सेल्मो डोळे मिटून नुसते ऐकत होते.