बिनकामाची फुलं

"काका, थांबा! काय तोडताय ते?"

शेजारच्या घरातली नर्स कपडे वाळत घालता घालता तिच्या गच्चीवरून ओरडली, पण तोवर तपासनीसांच्या कात्रीने आणखी एक पिवळं फूल उडवलं होतं.

"बिनकामाची आहेत ही," ते म्हणाले. "ज्या फुलामागे बोटाच्या पेराएवढी काकडी दिसते, ते फूल कामाचं. ही नुसती फुकट खातात. महिनाभर रोज सकाळी साफ करतोय."

नर्सच्या हातातली ओली चादर हातातच राहिली. "अहो काका, ती नरफुलं! त्यांचे पराग त्या दुसऱ्या फुलांना लागल्याशिवाय काकडी धरणार कुठून?"

तपासनीसांनी कात्रीकडे बघितलं, मग वेलाकडे. पेराएवढ्या काकड्या एकामागून एक पिवळ्या पडून का गळत होत्या, ते आत्ता त्यांच्या डोक्यात शिरलं.

चौतीस वर्षं त्यांनी बाटल्यांच्या कारखान्यात एकच काम केलं होतं. बाटली उजेडासमोर धरायची. बुडबुडा किंवा तडा दिसला की खालच्या पिंपात फेकायची. निवृत्तीनंतर बाटल्या संपल्या, सवय काही सुटली नाही. चमचे, वांगी, जावई, सगळं उजेडासमोर धरून झालं. "देव भेटला तरी आधी त्याला उलटा करून बघाल तुम्ही," बायको म्हणायची.

गच्चीवरची बाग तिची होती. टोमॅटो, मिरच्या, पुदिना, फुटक्या बादलीतलं लिंबाचं झाड. दोन महिन्यांपूर्वी पाण्याची झारी घेऊन चढताना ती जिन्यावरून पडली आणि मांडीचं हाड मोडून घेऊन मुलीकडे पडून राहिली. जाताना तिने एकच सांगितलं होतं. "बाकी काही जळलं तरी चालेल, पण काकडीचा वेल सांभाळा. एक तरी काकडी बियाण्याला पिकू द्या." हे बी तिच्या आईचं. दर वर्षी लावायचं, दर वर्षी धरायचं, असं चाळीस वर्षं चालत आलेलं. यंदा डब्यात कीड शिरली, चार बिया वाचल्या आणि त्यातला एकच वेल जगला.

तेव्हापासून तपासनीसांच्या पायाला भिंगरी लागली होती. कुंडी उन्हात ने, सावलीत आण, दोनदा पाणी घाल, तीनदा खत घाल. आणि रोज संध्याकाळी फोनवर छातीठोकपणे सांगायचं, "सगळं झकास आहे."

नर्स कठडा ओलांडून या गच्चीवर आली. तिने पानं उलटून पाहिली. "एक मादीफूल आहे, उद्या सकाळी उमलेल. बाकी वेल थकलाय हो काका. ही शेवटचीच संधी."

"मग बाजूच्या कुणाकडचं तरी नरफूल आणतो."

"फळ धरेल त्याने. पण बी मिसळेल. काकूंचंच बी हवं असेल तर याच जातीचा वेल शोधा. आणि सकाळी दहाच्या आत, ऊन चढलं की फूल मिटतं."

तपासनीस खाली आले, वर गेले, परत खाली आले. शेवटी त्यांनी अवेळी फोन लावला.

"तुझ्या त्या काकडीच्या बिया तू कुणाकुणाला दिल्यास गं?"

"का? परत मागायला निघालात की काय?"

"सहज विचारलं."

"तुम्ही आणि सहज!" ती हसली. "इस्त्रीवालीला दिल्या, पोस्टमनला दिल्या." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि भट्टीवाल्यांना. दोन वर्षांपूर्वी बाजारात भेटले होते. तुम्हाला सांगितलं नाही. सांगून काय, घर डोक्यावर घेतलं असतंत."

इस्त्रीवालीचा वेल शेळीने समूळ खाल्ला होता. पोस्टमनची बदली झालेली. राहिला भट्टीवाला.

हा कारखान्यात भट्टीवर बाटल्या घडवायचा. अकरा वर्षांपूर्वी त्याचा अख्ख्या दिवसाचा माल तपासनीसांनी नापास केला होता. बाटल्यांच्या गळ्याशी जाडी कमी-जास्त होती, त्यात खोटं काहीच नव्हतं. पण त्यापायी कारखान्यातला सगळ्यात जुना भट्टीवाला खोकी चिकटवायला बसला आणि तिथूनच निवृत्त झाला. त्या दिवसापासून दोघांत शब्द नाही. समोर आले की एकजण रस्ता बदलायचा. आणि आता त्याच्या दारात जाऊन फूल मागायचं! रात्रभर तपासनीसांनी कूस बदलली. पहाटे पहिल्या बसमध्ये ते बसले, तेही पुढच्या स्टॉपवर उतरून परत जावं या विचारात.

दार भट्टीवाल्याच्या सुनेने उघडलं. तो मागच्या अंगणात होता. मांडवावर काकडीचा वेल हिरवागार पसरला होता.

"कोण?" त्याने मान वळवली, पण नजर भलतीकडेच गेली.

"मी. तपासनीस."

"बोला साहेब," भट्टीवाला म्हणाला. "इथे काय नापास करायला आलात?"

तपासनीसांनी सगळं सांगितलं. कात्री, महिनाभराची फुलं, बायकोला रोज मारलेल्या थापा. चौतीस वर्षांत त्यांनी स्वतःची चूक एवढी सविस्तर कधीच सांगितली नव्हती. ऐकता ऐकता भट्टीवाला खो खो हसत सुटला.

"महिनाभर? एकही ठेवलं नाहीस?"

"एकही नाही."

"कामात हयगय नाही हो तुझ्या!" हसून हसून त्याला खोकला आला. मग त्याने वेलावरून हात फिरवला. एकेका फुलामागे बोट लावून बघत त्याने बारीक देठांची तीन फुलं खुडली. "चल. मीच येतो. तुझ्या हाताने एवढं नाजूक काम होणार नाही."

गच्चीच्या जिन्यात त्याचा पाय अडखळला, तेव्हा तपासनीसांनी त्याचं मनगट धरलं.

"दिसतं किती तुला?"

"उजेड दिसतो. माणूस आला की कळतं, कोण ते कळत नाही." त्याने पुढची पायरी पायाने चाचपली. "भट्टीच्या धगीने डोळे गेले. कारखान्यात होतो तेव्हाच जायला लागले होते."

तपासनीस पायरीवरच थांबले. अकरा वर्षांपूर्वीचा तो माल. ज्या माणसाची बाटली त्यांना वीस वर्षांत पिंपात टाकावी लागली नव्हती, त्याचा अख्खा दिवस एकाएकी बिघडला होता. त्यांनी हजारो बाटल्या पाहिल्या होत्या. बाटल्या करणाऱ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"मला सांगायचंस," ते म्हणाले.

"तू विचारायचंस."

तपासनीसांना रडू आलं आणि ते लपवायची गरज नाही हेही त्यांच्या लक्षात आलं, म्हणून आणखीच आलं.

"विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "चुकलं माझं."

"बरं, चल आता. ऊन चढतंय."

मादीफूल उमललं होतं. भट्टीवाल्याने नरफुलाच्या पाकळ्या सोलून काढल्या. "कुठे आहे सांग."

"डावीकडे. थोडं वर. अं, फार गेलास. हां, तिथेच."

त्याने फुलात फूल हलकेच टेकवलं आणि फिरवलं. तीनही फुलांनी तीनदा. "आता चार-पाच दिवस हात लावायचा नाही. कात्री माझ्याकडे दे."

तपासनीसांनी कात्री मुकाट्याने त्याच्या खिशात घातली. त्या संध्याकाळी फोनवर त्यांनी बायकोला सगळं खरं सांगितलं. ती रागावली, मग भट्टीवाला घरी आल्याचं ऐकून त्याला चहा तरी दिलात का, असं विचारू लागली.

ते पाच दिवस काढणं म्हणजे दिव्य होतं. ते दिवसातून वीस वेळा गच्चीवर जात आणि हात पाठीमागे बांधून उभे राहत. पाचव्या दिवशी सकाळी ते बस पकडून गेले आणि भट्टीवाल्याला घेऊन आले. मनगट धरून, एकेक पायरी सांगत वर आणलं आणि त्याचं बोट वेलावर टेकवलं. काकडी अंगठ्याएवढी जाड झाली होती, अंगावर बारीक काटे.

"धरलंय," भट्टीवाला म्हणाला.

खाली फोन वाजायला लागला. बायकोचाच असणार. भट्टीवाल्याचं बोट अजून काकडीवरून फिरत होतं, देठापासून टोकापर्यंत आणि परत. तपासनीस त्याचं मनगट धरून तसेच उभे राहिले आणि त्यांनी फोन वाजू दिला.