गॅरंटीवालं पिल्लू

फरशीवर वाटी सरकल्याचा आवाज झाला.

शनिवारची दुपार होती. बाळ नुकतंच छातीशी झोपलं होतं. पंखासुद्धा मी एकवर ठेवला होता, त्याच्या टाळूला वारा लागू नये म्हणून. त्या शांततेत स्टीलची वाटी थोडी घासत, थोडी किणकिणत सरकली. आमच्या घरात तो आवाज बुंदीचा होता. आणि बुंदी तर दिवाळीनंतर गेली.

मी मान वळवली. तेजू होती. दाराजवळच्या कोपऱ्यात, बुंदीच्या जागेवर, पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ती दोन्ही हातांनी ढकलत होती.

"आत्ताच कशाला गं?" मी कुजबुजले.

"उद्या ते आलं आणि त्याला तहान लागलेली असली तर?"

वाटी मनासारखी ठेवून झाल्यावर ती आमच्याजवळ आली. बाळाच्या नाकाखाली तिने बोट धरलं आणि थांबली. उबदार वारा बोटाला लागला तेव्हाच हात काढून घेतला. हे ती रोज करते. सहा वर्षांच्या मुलीला हे कोणी शिकवलेलं नाही. बुंदीच्या शेवटच्या सकाळी मी तसं बोट धरून बसले होते, ते तिने दारातून पाहिलं होतं.

बुंदी म्हणजे आमचं पहिलं पिल्लू, लॅब्रडॉर. ओळखीच्यांच्या ओळखीतून आणलेलं. येऊन चार दिवस झाले नाहीत तोच तिने खाणं टाकलं. मग उलट्या, मग रक्ताची हगवण. इंदिरानगरातल्या डॉक्टर आबिदांनी सलाइन लावलं, रात्री फोन घेतले, पण हाताला काही लागलं नाही. पार्वो म्हणतात त्या रोगाला. "तुमचं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या, "ती येतानाच घेऊन आली होती. पुढच्या वेळी पिल्लाच्या आधी त्याची आई बघा. कागद काय, कोणीही छापतं."

पुढची वेळ येऊच नये असं मला वाटत होतं. पण तेजू बोलेनाशी झाली. शाळेतून आली की त्या कोपऱ्याकडे बघत डबा उघडायची. शेवटी तिच्या बाबांनी, सोमनाथनेच फोनवर शोधून सायखेड्याकडचा एक माणूस काढला. लेखी हेल्थ गॅरंटी देणारा. तेजूला मांडीवर घेऊन तो हसत म्हणाला, "या वेळी आपण गॅरंटीवालं पिल्लू आणू."

त्यानंतर दोन दिवसांनी ती जिन्यात शेजारच्या लंकाबाईंना सांगत होती, "आमचं नवीन पिल्लू मरत नाही. बाबांनी तसलं शोधलंय."

मी दारात होते. हातातली दुधाची पिशवी गार होती, की माझे हातच गार पडले होते, कोण जाणे. तिला बोलावून नीट सांगायला हवं होतं. मी दूध तापवायला आत गेले.

रविवारी निघालो. द्राक्षांच्या बागा संपल्यावर एक कच्चा रस्ता आत वळला. शेवटी पत्र्याचं फाटक, अंगण, आणि मागे कांद्याची लांबलचक चाळ. पट्ट्यापट्ट्यांच्या भिंतींची, हवा खेळावी म्हणून बांधतात तशी. कांदा नव्हता. पट्ट्यांच्या फटींतून काळी नाकं दिसत होती.

"या भाऊ, या ताई." आमच्याच वयाचा माणूस होता, मनोज. अंगणातल्या खाटेवर त्याने आम्हाला बसवलं, मुलीच्या हातात बिस्कीट दिलं आणि सोमनाथपुढे छापील कागद ठेवला. "वाचून घ्या. दहा दिवसांत पिल्लाला काय झालं तर दुसरं पिल्लू. फ्री. असं कोणी देत नाय."

सोमनाथने कागद वाचून माझ्याकडे सरकवला. बघ, असा चेहरा करून. मी वाचला. पिल्लू आजारी पडलं तर उपचारांचं काय, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. फक्त गेलं तर दुसरं.

"लसीचं कार्ड?" मी विचारलं.

त्याने दिलं. तारीख होती, सही होती. बाटलीवरचं स्टिकर चिकटवायची जागा कोरी होती. डॉक्टरांचा शिक्काही नव्हता.

"स्टिकर नाही यावर."

"निघून जातं ते. गोंद भारी नसतो." तो सोमनाथकडे बघून हसला. "भाऊ, पोरगी पाहायला आलेले लोक पण एवढं विचारत नाय."

सोमनाथही हसला. "आमच्याकडे चौकशी खातं हिच्याकडेच आहे."

मला हसू आलं नाही. अंगणात फिनाईलचा वास भरून होता. आणि त्या वासाच्या खालून आणखी एक वास येत होता, गोडसर, कुजका. तो मला माहीत होता. बुंदीच्या चादरी मी स्वतःच्या हाताने धुतल्या होत्या. उगीच वाटतंय, मी मनाशी म्हटलं. इतकी कुत्री आहेत, वास येणारच.

"आई बघायची होती," मी म्हणाले.

"बघा की. लपवायचं काय त्यात?" त्याने हाक मारली, "राणी!"

घरामागून सोनेरी रंगाची कुत्री डुलत आली. काय सुंदर होती. चकचकीत केस, शांत डोळे. येऊन तेजूच्या पायाशी बसली. तेजूने तिच्या पाठीवर हात फिरवला आणि माझ्याकडे बघून हसली. किती महिन्यांनी ते हसू मी पाहत होते. माझ्या जिवातली भीती थोडी सैल झाली.

मनोज चाळीत गेला, दार करकरलं, आणि आतली सगळी पिल्लं एकदम रडायला लागली. भुंकणं नव्हे. भुकेल्या तान्ह्या लेकरांचं असतं तसं, बारीक, न थांबणारं. बाळ माझ्या मांडीवर गाढ झोपलेलं, तरी मला पान्हा फुटला. कुर्ता ओला झाला. मी घाईने ओढणी पुढे ओढली. कुत्र्याच्या पिल्लांसाठी अंग असं वागतंय याची लाज वाटली, आणि तशीच माझी नजर राणीकडे गेली.

तिचा कानसुद्धा हलला नव्हता. ती माशीकडे बघत होती.

मनोजने पिल्लू आणून तेजूच्या ओंजळीत ठेवलं. "दोन महिन्यांचं हे. खेळतं, खातं, सगळं एक नंबर."

तेजू श्वास रोखून त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, हे माझं बोट ओढतंय."

"चावतं का?"

"नाही. दात बारीक आहेत, लागतच नाहीत. नुसतं ओढतंय."

दोन महिन्यांच्या बुंदीने माझ्या ओढण्यांच्या कडा फाडून ठेवल्या होत्या. तिचे दात सुयांसारखे होते.

"त्याला खाली सोड, तेजू. राणीजवळ."

पिल्लू थरथरत सरकलं, राणीच्या पोटाखाली नाक खुपसून शोधायला लागलं. राणी घशातल्या घशात गुरगुरली, उठली आणि दुसरीकडे जाऊन बसली. उठताना तिचं पोट दिसलं. तुकतुकीत, घट्ट. आचळं मुगाच्या दाण्याएवढी. माझं स्वतःचं अंग बाळंतपणाने कसं झालंय ते मला ठाऊक आहे. हिने कधी कोणाला पाजलंच नव्हतं.

"दूध तोडलं ना आता," मनोज माझ्या नजरेकडे बघत म्हणाला.

"ही याची आई नाही."

माझा आवाज इतका बारीक निघाला की सोमनाथने विचारलं, "काय?"

"ही याची आई नाही. आणि ते दोन महिन्यांचंही नाही. अजून अंगावर पिणारं आहे."

मला वाटलं, आता हा माणूस चिडेल, आवाज चढवेल. आम्ही गावाबाहेर होतो, फाटक लावलेलं होतं, मांडीवर तान्हं होतं. पण तो चिडला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली. पायातली चप्पल नीट करत तो म्हणाला, "आता ताई, सगळ्यांना आई बघायची असते, म्हणून राणी ठेवलीय. माल बाहेरूनच येतो, सगळ्यांचाच. तुम्हाला काय फरक पडतो? गेलं तर दुसरं देतो ना. लिहून दिलंय."

गेलं तर.

तेजूने मान वर केली. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. सोमनाथच्या हातात तो कागद अजून होता. त्याने तो खाटेवर ठेवला आणि पुन्हा त्याला हात लावला नाही. "चल," एवढंच म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

आता तेजू हंबरडा फोडेल, पिल्लाला घट्ट धरून बसेल, आणि मग मी काय करणार? मी नाही म्हणू शकेन का? उचलून नेलं तर चार दिवसांनी पुन्हा तीच चादर, तोच वास, आणि दारात उभी तेजू. आणि ठेवून गेलो तर? पिल्लू अंगणातल्या धुळीत तोंड खुपसून काहीतरी शोधतच होतं. त्याची शेपटी मागे हगवणीने चिकटली होती.

तेजू उकिडवी बसली. तिने त्याच्या नाकाखाली बोट धरलं. खूप वेळ.

"वारा येतोय," ती म्हणाली, आणि उठून माझी ओढणी धरली.

गाडीत मी दोघांना घेऊन मागे बसले. फाटकाबाहेर पडलो तरी ते बारीक रडणं कानात होतं. मी डॉक्टर आबिदांना फोन लावला, संध्याकाळी येते, एवढं सांगून ठेवला. बाळ जागं झालं. त्याला ओढणीखाली घेतलं. सोमनाथ आरशातून आमच्याकडे बघत होता.

तेजू खिडकीबाहेर पाहत होती. ती विचारणार, ते पिल्लू मरेल का, हे मला माहीत होतं. रस्ताभर मी उत्तर जुळवत होते. डॉक्टर मावशींना सांगू. त्या कोणाला तरी तिकडे पाठवतील. आपण शोधू. खोटं वाटणार नाही असं काहीतरी.

तिने तोंड वळवलं. बाळ चुटूचुटू पीत होतं ते बराच वेळ पाहिलं. नाकाखाली बोट धरायला हात पुढे केला, पण बाळ पीत होतं म्हणून मागे घेतला.

"आई," ती म्हणाली, "त्याच्या आईला माहितीये का, ते तिथे आहे म्हणून?"